बंद केलं म्हणून चालू झालं

जुन्या कॉम्प्युटरमधून धूर निघाला तेव्हा मी दाढी करत होतो. एक गाल झाला होता, दुसरा साबणात होता. "अहो, काहीतरी जळतंय!" असं बायको बाहेरून ओरडली आणि मी आतूनच म्हणालो, "दूध बघ." घरात दूध नव्हतंच, हे मला नंतर ऐकवण्यात आलं आणि पुढेही वेळोवेळी ऐकवलं जात आहे. मी बाहेर येईपर्यंत कॉम्प्युटरने शेवटचा एक फुसकारा सोडून मान टाकली होती.

एरवी मला इतका धक्का बसला नसता. पण हा कॉम्प्युटर बायकोच्या पोटापाण्याचा होता. आमच्या गॅलरीत, कठड्याला लागून, तिचं विणकामाचं मशीन आहे. लांबलचक, शेकडो सुयांचं, आणि सुयांवरून इकडून तिकडे खडखडत धावणारी एक गाडी असलेलं. कॉम्प्युटरने त्याच्या पोटात नक्षी पाठवायची आणि मोटर चालू-बंद करायची. त्यासाठीचा प्रोग्रॅम माझ्या मेहुण्याने कॉलेजात असताना लिहून दिला होता. मेहुणा आता बोटीवर इंजिनियर आहे आणि बोट बंदराला लागली तरच फोनवर सापडतो.

शिवाय वेळ वाईट होती. बायकोला नुकतीच पहिली मोठी ऑर्डर मिळाली होती. आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर एक निवृत्त न्यायाधीश राहतात. सगळी इमारत त्यांना जज्जसाहेब म्हणते आणि जिन्यात समोरून आले तर भिंतीला चिकटून उभी राहते. सकाळी फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांच्या मंडळाचे ते अध्यक्ष. अख्ख्या मंडळाला एकसारखे स्वेटर हवे होते, पाठीवर बोधवाक्य विणलेले. बोधवाक्य जज्जसाहेबांनी स्वतः रचलं होतं. वरच्या ओळीत 'घरात बसू नका', खालच्या ओळीत 'चालते व्हा'. दोन ओळी एकत्र वाचल्या की त्यात काही वावगं नव्हतं. त्या सुट्या होतील हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

"ऑर्डर परत करू या का?" बायको म्हणाली.

"परत? अगं, एका कॉम्प्युटरच्या जागी दुसरा कॉम्प्युटर ठेवायचा. बल्ब बदलण्यासारखं काम आहे," मी म्हणालो. दुसऱ्या गालावरचा साबण तोपर्यंत वाळला होता.

मी नवा कॉम्प्युटर आणला. देखणा, पातळ, आवाज न करणारा. मशीनची केबल घेऊन मी त्याच्याभोवती चारही बाजूंनी फिरलो. ती रुंद, दातेरी केबल शिरेल असं एकही भोक त्याला नव्हतं. जुन्याला मागे प्रिंटरचं पोर्ट होतं. मेहुण्याचा प्रोग्रॅम त्याच पोर्टातून मशीनशी बोलायचा. मी सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे खिडकीशी एक मुलगी होती. तिच्या पडद्यावर तक्रारींचे प्रकार ठरलेले होते आणि त्याबाहेरची तक्रार करायची सोय नव्हती.

"प्रिंटर पोर्ट हवंय," मी म्हणालो.

"प्रिंटर चालत नाही," असं म्हणत तिने टाइप केलं. "प्रिंटर घेऊन या."

"प्रिंटर नाहीये माझ्याकडे."

"मग पोर्ट कशाला हवंय?"

"विणायला."

तिने माझ्याकडे पाहिलं. रांगेतल्या माझ्या मागच्या माणसाने अर्धं पाऊल मागे घेतलं. मग तिने मला 'इतर' या खिडकीवर पाठवलं आणि 'इतर'वाल्याने परत तिच्याकडे. मी स्वतः विमा कंपनीत दावे विभागात आहे. लोकांना या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवण्यात माझी हयात गेली आहे. पण आपण पाठवणं वेगळं आणि आपल्याला पाठवलं जाणं वेगळं. माझ्यासारख्या माणसाला ओळखूसुद्धा नये, याचा मला जबर धक्का बसला.

शेवटी आतून एक जण आला आणि त्याने कॉम्प्युटरच्या पोटात एक जादाचं पोर्ट बसवून दिलं. घरी येऊन मी केबल जोडली, मेहुण्याच्या जुन्या सीडीवरून प्रोग्रॅम चढवला, तो चालू केला आणि हात चोळत उभा राहिलो. पडद्यावर एक चौकट उमटली. तिचा मथितार्थ असा, की तुम्हाला हे करायचा अधिकार नाही.

माझ्या टेबलावरचा, मी हौसेने फुलांचं कव्हर घातलेला कॉम्प्युटर मला अधिकार विचारत होता!

नशिबाने मेहुण्याची बोट बंदरात होती. "भावोजी, ते बरोबरच आहे," तो म्हणाला. "पूर्वी कुठलाही प्रोग्रॅम थेट पोर्टात हात घालायचा, कुणी विचारत नसे. आता मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम बसलीय. साध्या प्रोग्रॅमने हार्डवेअरला हात लावायचा नाही. तिला विनंती करायची, ती ड्रायव्हरला सांगणार, आणि ड्रायव्हर काय ते करणार."

"आणि आपल्या मशीनचा ड्रायव्हर?"

"तो कुणी लिहिलेलाच नाहीये."

"म्हणजे ज्या साहेबाची सही लागते, ते पदच भरलेलं नाही?"

"अगदी बरोबर!" तो खूश होऊन म्हणाला. मी अजिबात खूश नव्हतो. बायको मात्र शांतपणे म्हणाली, "एवढं काय लावून घेता? तुमच्या ऑफिसात लोकांना तुम्ही हेच सांगता ना?"

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती. समोरच्या काकू येऊन सांगून गेल्या की त्यांच्या भाचीचा कॉम्प्युटर रुसला होता, तो दोन दिवस झाकून ठेवल्यावर आपोआप सुधारला. वरच्या मजल्यावरचे टेलिफोनकाका आले. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि जगातल्या यच्चयावत बिघाडांचं एकच कारण मानतात. त्यांनी केबल काढली, फुंकर मारली, परत लावली आणि म्हणाले, "लूज कॉन्टॅक्ट." पडदा पुन्हा म्हणाला, अधिकार नाही. काका म्हणाले, "हे मेसेज तसेच असतात. लक्ष द्यायचं नाही."

मेहुण्याने मग दुसरा मार्ग सुचवला. पत्त्यांच्या जोडाएवढा एक छोटा बोर्ड मिळतो. तोही कॉम्प्युटरच, पण त्याचा प्रोसेसर वेगळ्या घराण्यातला. त्याच्या कडेला उघड्या पिना असतात, त्यांना थेट वायरी जोडायच्या. बोर्ड आणला. सोबत मोटरसाठी रिले नावाची डबी आणली. ही डबी बोर्डाचा इशारा मिळाला की मोटरचं बटण दाबते. मेहुण्याने बोटीवर बसून आपला प्रोग्रॅम नव्याने लिहून पाठवला.

"यात पोर्ट कुठे लिहायचं?" मी फोनवर विचारलं.

"यात पोर्ट नावाची चीजच नाही, भावोजी. या घराण्यात सगळं मेमरीतच असतं. ठरावीक पत्त्यावर आकडा लिहिला की पिन हलते."

"आणि चुकीच्या पत्त्यावर लिहिला तर?"

"तर दुसरं काहीतरी हलतं," तो म्हणाला आणि फोन कट झाला. बोटीने बंदर सोडलं असावं.

मेमरीत असं थेट लिहायला मात्र कॉम्प्युटरचा मुख्य मालक म्हणून आत जावं लागतं. या मालकाला कशालाच मनाई नसते. त्याने स्वतःचं घर पाडायला सांगितलं तरी कॉम्प्युटर "बरं" म्हणतो. मी मालक म्हणून आत गेलो. खोटं कशाला सांगू, छाती थोडी फुगली. दावे विभागात मला साधी टाचणीची डबीसुद्धा सहीशिवाय मिळत नाही.

मी मेहुण्याने दिलेला पत्ता टाकला आणि एन्टर दाबलं. पडदा काळा झाला.

मला वाटलं वीज गेली. पण दिवा चालू होता, पंखा फिरत होता, बायको दारात उभी होती आणि तिचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. पुढे कळलं ते असं : मेहुण्याचा पत्ता त्याच बोर्डाच्या जुन्या मॉडेलचा होता. नव्या मॉडेलमध्ये पिनांनी बिऱ्हाड हलवलं होतं आणि त्या जागी मी काय हलवलं ते मला आजतागायत माहीत नाही. बोर्ड बंद करून चालू केला, माहितीपुस्तक काढलं आणि त्यातला एक तक्ता बायकोने बोट ठेवून मोठ्याने वाचला. मी टाइप केलं. रिलेने 'टिक' केलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू घरात तान्हं मूल पहिल्यांदा हसलंय.

आता मी मोटरचा प्लग भिंतीत लावला आणि मोटर चालू करण्याचा हुकूम दिला. काही झालं नाही. वैतागून बंद करण्याचा हुकूम दिला, तर गाडी धाडकन सुटली आणि बायकोने किंकाळी फोडली. चालू म्हटलं की बंद, बंद म्हटलं की चालू. जुन्या पोर्टातून इशारा दिला की मोटर चालायची. ही नवी डबी उलट्या काळजाची होती. तिला इशारा मिळेपर्यंत मोटर चालायची आणि मिळाला की थांबायची.

"रिले बदलून आणा," बायको म्हणाली.

"कशाला? उलटं लक्षात ठेवायचं. चालू म्हणजे बंद."

"तुम्हाला सुलटं लक्षात राहत नाही."

हे बोलणं मनाला लागलं, म्हणून मी रिले बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली. बोधवाक्याच्या फक्त खालच्या ओळीची नक्षी काढून झाली होती, तेवढीच मशीनच्या पोटात पाठवली. या मशीनची एक खोड आहे : एकदा नक्षी पोटात गेली की दुसरी येईपर्यंत ते तीच तीच विणत राहतं. गाडी धावू लागली आणि पांढऱ्या लोकरीवर लाल अक्षरं उमटली, 'चालते व्हा'. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण टेलिफोनकाका शेजारी उभे होते.

"टाके सुटतायत," काका म्हणाले. विणलेल्या कापडाला खालून ओढ हवी म्हणून लोखंडी वजनं अडकवलेली असतात. ती जमिनीला टेकली की ओढ संपते. "अहो, कठड्याखाली ही एवढी फट आहे. कापड बाहेर सोडा. केवढी उंची फुकट पडलीय!"

सल्ला इतका सरळ होता की आम्ही तो मानला. मला अजून कळत नाही, आयुष्यभर लूज कॉन्टॅक्टपलीकडे न गेलेल्या माणसाला नेमकी त्याच दिवशी दुसरी कल्पना का सुचली.

तेवढ्यात आत्याबाईंचा फोन आला. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आम्ही अजून भेटायला गेलो नव्हतो, याची त्यांनी एका डोळ्याने नोंद घेतली होती. आम्ही घाईने निघालो. मी लक्षात ठेवून उलटा हुकूम दिला. गाडी थांबली. मला स्वतःचं कौतुक वाटलं. मग कुलूप लावण्याआधी, सुजाण गृहस्थ करतो तसं, मी बोर्डाचं बटणही बंद केलं.

इथे जरा थांबतो, कारण हे मला स्वतःला समजायला वेळ लागला. बोर्ड बंद झाला, म्हणजे इशारा थांबला. इशारा थांबला, म्हणजे डबीच्या मते मोटर चालू. आणि मोटरचा प्लग वेगळा, तो भिंतीत तसाच होता. मी दाराला कुलूप घालत होतो तेव्हा आत गाडीने पहिली फेरी मारलीसुद्धा असेल. पण जिन्यात काकूंच्या घरातल्या टीव्हीचा आवाज इतका मोठा होता की आम्हाला काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी परतलो तर इमारतीसमोर माणसं माना वर करून उभी. मी वर पाहिलं आणि माझ्या हातातली आत्याबाईंनी दिलेली फळांची पिशवी खाली पडली.

आमच्या गॅलरीतून एक पांढरा पट्टा खाली सोडलेला होता. जज्जसाहेबांच्या खिडकीवरून, त्याखालच्या खिडकीवरून, पार पहिल्या मजल्यापर्यंत. त्याच्यावर लाल अक्षरांत, एकाखाली एक, चालते व्हा, चालते व्हा, चालते व्हा. टोकाची वजनं वाऱ्याने गिरक्या घेत होती, त्यामुळे अक्षरं कधी रस्त्याकडे वळत, कधी खिडक्यांकडे. आणि पट्टा अजून वाढत होता.

समोरच्या काकू धावत आल्या. जे घडलं ते त्यांना जज्जसाहेबांच्या घरातूनच दिसलं होतं, कारण त्याही मंडळाच्या सभासद. "अहो, सभा चालू होती आतमध्ये! अध्यक्षांची निवड! एकाने नुकतंच म्हटलं, जज्जसाहेबांनीच पुढेही अध्यक्ष राहावं. तोच खिडकीच्या काचेवर टक टक टक! सगळ्यांनी वळून पाहिलं. आधी वजनं आली. मग एक ओळ आली. मग दुसरी आली."

"कुणी काही बोललं?" बायकोने खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"कोण बोलणार? सगळे वाचत होते."

"आणि जज्जसाहेब?"

"ते म्हणाले, विरोध असेल तर माणसाने समोर येऊन करावा." काकूंनी माझ्याकडे आदराने पाहिलं. "तुम्ही असे असाल असं वाटलं नव्हतं हो."

मी जिने कसे चढलो ते आठवत नाही. आत गाडी इमानाने धावत होती. मी बोर्डाकडे झेपावलो, तोच बायकोने मला बाजूला ढकललं आणि भिंतीतला मोटरचा प्लग उपटला. घरात शांतता झाली. खाली रस्त्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

ती लोकरीचे उरलेले गुंडे चाचपू लागली. मंडळाने ऑर्डर रद्द केली तर त्या लोकरीचं काय करायचं, हे ती मनात मोजत असणार.  आम्ही दोघांनी मिळून तो पट्टा वर ओढला. तो दिवाणखाना भरून स्वयंपाकघरात शिरला. ओढता ओढता ती एवढंच म्हणाली, "वीण मात्र एकसारखी आलीय." मग पदराने डोळे पुसले.

दारावरची बेल वाजली. जज्जसाहेब, इस्त्रीचे कपडे, हातात काठी. त्यांनी आमच्या सोफ्यावर उरलेल्या जागेत बसून घेतलं. त्या जागेच्या चारी बाजूंनी तेच दोन शब्द होते.

"तुमचं म्हणणं काय आहे?" त्यांनी विचारलं.

"साहेब, मी मशीन बंद केलं," मी म्हणालो.

"मग ते चालू कसं राहिलं?"

"बंद केलं म्हणून चालू झालं."

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "म्हणजे तुम्ही बंद केलं नसतं, तर ते बंद राहिलं असतं?"

"हो, साहेब! अगदी तसंच."

"आणि ही गोष्ट तुम्हाला आधीपासून ठाऊक होती?"

"होती. पण उलटी लक्षात ठेवली होती."

"मी इतकी वर्षं न्यायासनावर काढली," जज्जसाहेब सावकाश म्हणाले, "खोटं बोलणाऱ्यांचे नाना प्रकार ऐकले. पण खोटं बोलणारा माणूस याहून बरं काहीतरी रचतो. तेव्हा हे खरं असणार." मग ते बायकोकडे वळले. "वहिनी, स्वेटरांची ऑर्डर कायम आहे. फक्त वरची ओळ आधी विणा."

मशीनमध्ये खालचीच ओळ आधी विणली जाते, हे मी त्यांना समजावून सांगणार होतो. बायकोने माझ्या पायावर पाय दिला.

ते उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले. बाहेर जिन्यात कुणी नाही याची खात्री करून त्यांनी दार परत लोटलं. मग काठीच्या टोकाने पट्ट्याची कड उचलून पाहिली. आवाज इतका खाली आणला, की मला पुढे वाकावं लागलं.

"याचं आता काय करणार?"

"मफलर कापीन म्हणते," बायको म्हणाली. "उलट्या बाजूने वापरले तर अक्षरं कळत नाहीत."

"उलट्या नको. सुलट्याच बाजूने एक हवा होता." त्यांनी घसा खाकरला. "आमच्या हिचे बंधू आलेत राहायला. बरेच दिवस झाले. तोंडाने सांगणं मला शोभत नाही आणि हिला चालणार नाही. पण भेट म्हणून गळ्यात घातला, तर..."

मी अजून वाकलेलाच होतो. बायको मात्र कात्री शोधायला उठलीसुद्धा.

"आणि वहिनी," जज्जसाहेब म्हणाले, "अक्षरं थोडी मोठी करता येतील का? त्यांना चष्मा आहे, पण ते लावत नाहीत."